विनितानं निवडलेला गडी

सेमिसीचं नाव सुचवलं ते विनितानंच. क्लबातले लोक तिला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणायचे, "निवड सगळ्यांचीच होती." पण तिनं ते कधी मान्य केलं नाही.

विनिता मूळची मिरजेची. फिजिओथेरपी तिथेच शिकली, २००१ साली शिरीषशी लग्न करून ऑकलंडला आली, इथली परीक्षा दिली आणि पापाकुराच्या एका क्लिनिकात नोकरीला लागली. एका हिवाळ्यात क्लिनिकच्या मालकिणीनं विचारलं, "टोटारा क्रीक क्लबला फिजिओ मिळत नाहीये. शनिवारी जाशील का?" टोटारा क्रीक हा रग्बी लीगचा क्लब. इथली माणसं त्या खेळाला नुसतं फुटी म्हणतात. कबड्डीखेरीज अंगाला अंग भिडणारा खेळ विनितानं कधी जवळून पाहिला नव्हता. पहिल्याच शनिवारी एकाचं नाक तिच्या डोळ्यांदेखत वाकडं झालं. त्यानं ते आपल्याच हातानं सरळ केलं आणि "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, म्हणत परत मैदानात पळाला.

"ही माणसं नाहीत रे, पहारी आहेत," ती घरी येऊन शिरीषला म्हणाली. पुढच्या शनिवारी मात्र वेळेआधी पोचली.

त्या क्लबाची ओळखच तशी होती. बरेचसे खेळाडू मांसाच्या कारखान्यात काम करणारे, आणि डेझ नावाचा त्यांचा माओरी कोच आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. तो म्हणायचा, "नाचरे, चकचकीत खेळाडू दुसऱ्यांनी घ्यावेत. आपल्याला ऐंशी मिनिटं मार खाऊन पुढच्या शनिवारी परत येणारा गडी हवा."

२००६ च्या फेब्रुवारीत आसपासचे दोन लहान क्लब बंद पडले. उरलेल्या सहा क्लबांनी त्यांचे खेळाडू पाळीपाळीनं निवडून घ्यायचं ठरवलं. विनितानं तीन आठवडे त्या दोन्ही क्लबांच्या सेक्रेटरींना फोन करकरून एक तक्ता बनवला होता. कोण किती सामने दुखापतीमुळे बाहेर बसला, कुणाचा गुडघा गेला, कुणाचा खांदा निखळतो, सगळं त्यात होतं. एकाच नावापुढे शून्य होतं. सेमिसी, वय एकतीस, टोंगा बेटांवरून आलेला, पुढच्या फळीतला. पाच हंगामांत एकही सामना चुकवलेला नाही.

"हा," तिनं बोट ठेवलं.

"हळू पळतो," डेझ म्हणाला.

"पळू दे हळू. हा मोडत नाही."

डेझनं तिच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि हात वर करून सेमिसीचं नाव पुकारलं. त्या दिवशी मोटरवेवरून घरी जाताना विनिता स्वतःवरच खूश होती. आता आपल्याला हा खेळ कळायला लागला, असं तिला वाटत होतं.

सेमिसी खरोखरच तसा निघाला. समोरचे दोन-दोन जण अंगावर घेऊन पडायचा आणि त्यांच्याआधी उठायचा. एकदा करंगळी उलटी वळली तर सामना संपेपर्यंत त्याला पत्ता नव्हता. प्रेक्षक हसले, टाळ्या पडल्या. विनितानंही वाजवल्या. हंगामाच्या आधी तिनं त्याला नीट तपासलंही होतं. पळवलं, वजनं ढकलायला लावली, गुडघे-खांदे फिरवून पाहिले. सगळं ठीक.

जूनमधल्या एका गुरुवारी, संध्याकाळच्या सरावाआधी, सेमिसी मान आखडली म्हणून तिच्या टेबलावर येऊन बसला. विनितानं शेकण्यासाठी ठेवलेली, गहू भरलेली कापडी पिशवी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली, टॉवेलात धरून त्याच्या उजव्या खांद्यावर ठेवली आणि दुसऱ्याच्या घोट्याला पट्टी बांधायला वळली. सेमिसी आपल्या धाकटीच्या वाढदिवसाचं सांगत होता. मध्येच तिला करपल्याचा वास आला. कुणीतरी मायक्रोवेव्हचं बटण सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवलं होतं आणि तिनं ते पाहिलं नव्हतं. धावत येऊन तिनं पिशवी उचलली. खाली कातडी लालभडक झाली होती, दोन ठिकाणी टम्म फोड आले होते.

"अरे देवा! सेमिसी, ओरडला का नाहीस?"

"का? काय झालं?" त्यानं मान वळवून शांतपणे विचारलं.

विनितानं थंड पाण्याचा कपडा त्याच्या खांद्यावर ठेवला. मग तिनं त्याला डोळे मिटायला सांगितलं. कापूस फिरवला, तर त्यानं बरोबर जागा सांगितली. फ्रिजमधला थंडगार डबा दंडाला लावला, तर म्हणाला, "काहीतरी लावलंस." गरम की गार, ते त्याला सांगता येईना. तिनं टाचणीचं टोक टेकवलं, जरा दाबलं.

"बोट लावलंस," सेमिसी म्हणाला.

डाव्या हातालाही तेच. तिनं त्याचे तळवे उजेडात धरले. बोटांवर भाजल्याचे जुने पांढरे डाग, सुरीचे वण, आणि अंगठ्याखालचं मांस बसलेलं. हे हात तिनं पन्नास वेळा पट्टीत गुंडाळले होते. मिरजेत तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत अगदी असाच रोगी लिहायला आला होता आणि तिला त्यात चांगले गुण पडले होते.

"हे कधीपासून?"

"खूप वर्षं. देवानं मला असंच घडवलंय, विनिता. मला लागत नाही."

ती बाहेर जाऊन डेझला घेऊन आली. "शनिवारी हा खेळणार नाही. यापुढेही नाही. आधी मानेचा फोटो काढायचा, मूळ तिथेच असणार."

डेझ उसळला. "शनिवारी पहिल्या नंबरच्या क्लबाशी सामना आहे! पाच वर्षांत न पडलेला माणूस तू एका फोडापायी बसवतेस?"

विनितानं वाद घातला नाही. टाचणी त्याच्या हातात दिली. "तूच टोच."

सेमिसी खिडकीबाहेर बघत होता. डेझनं आधी हळूच, मग जोरात टोचलं. रक्ताचा थेंब वर आला. सेमिसी अजून बाहेरच बघत होता. "सुरू कर ना," तो म्हणाला. डेझच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यानं टाचणी टेबलावर ठेवली आणि शनिवारच्या यादीतलं सेमिसीचं नाव खोडलं.

हॉस्पिटलात निदान झालं. मानेतल्या मज्जारज्जूच्या आत पाण्यानं भरलेली एक लांबट पोकळी होती आणि ती हळूहळू फुगत होती. दुखण्याची, भाजण्याची वर्दी मेंदूकडे नेणाऱ्या वाटा तिनं आधी खाल्ल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, मान एकदा वाईट वळली असती तर हातपाय कायमचे गेले असते. विनितानं मनात मोजलं. तिनं निवडल्यापासून तो दहा सामने खेळला होता. पुढचं तिला मोजवेना.

बाहेरच्या खोलीत सेमिसीची बायको बसली होती, मेले तिचं नाव. विनिता शेजारी जाऊन बसली. बोलायला सुरुवात मेलेनंच केली.

"दोन वर्षांपूर्वी चर्चच्या जेवणासाठी जमिनीत खणलेल्या भट्टीतला तापलेला दगड यानं हातानं उचलला. तळव्याची साल निघाली. मी किंचाळले. बाकीचे हसले, म्हणाले, काय गडी आहे! मी म्हणत होते, याला काहीतरी झालंय. कुणी ऐकलं नाही. तुम्ही लोकांनी तर याला त्यासाठीच घेतलंत."

त्या रात्री विनितानं शिरीषला सगळं सांगितलं. "अगं, सापडलं ते तुझ्यामुळेच ना?" शिरीष म्हणाला. "सापडलं नाही," ती म्हणाली. "भाजलं म्हणून दिसलं. तेही माझ्याच चुकीनं."

ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली. पोकळी वाढायची थांबली. हातांची गेलेली जाणीव मात्र परत आली नाही. कारखान्यानं सेमिसीला सुरीच्या कामावरून काढून माल पाठवण्याच्या खात्यात बसवलं. फुटी कायमची सुटली. तो विनितावर सहा महिने रागावलेला होता. "तूच निवडलंस आणि तूच बाहेर काढलंस," असं एकदा दुकानात भेटल्यावर तोंडावर म्हणाला आणि निघून गेला. क्लब त्या वर्षी पाचवा आला.

पुढच्या हंगामाआधी विनितानं प्रत्येक खेळाडूला टाचणी टोचली, गरम-गार पाण्याच्या बाटल्या लावल्या. पोरं चेष्टा करू लागली तेव्हा डेझ गरजला, "गप टोचून घ्या!" तक्ता तिनं पुन्हा बनवला नाही.

त्याच हंगामात, मे महिन्याच्या एका शनिवारी, सेमिसी मैदानावर आला आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"आता चहाचा कप धरायच्या आधी वाकून ओठ लावून बघतो, ओठांना तरी गरम कळतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी देवाचा लाडका आहे."

समोर टोटारा क्रीकचा एक खेळाडू खाली पडला होता, पाय धरून वेदनेनं ओरडत होता. कुंपणामागून नेहमीचा गलका सुरू झाला, "ऊठ रे! ऊठ!"

सेमिसी वळला. "ओरडू दे त्याला!" तो कुंपणाकडे बघून इतक्या जोरात गरजला की सगळे चिडीचूप झाले.

विनिता बॅग उचलून मैदानात धावली.