पडाव लागू दे

आंब्याची साठं उन्हात वाळत पडली, की त्या वासानं मला आगगाडी आठवते, कारण ऐन खुनाच्या प्रकरणात मी ओल्या साठांच्या ताटातच बसलो होतो. मुंबईकर शेजाऱ्याकडून मागून आणलेली कादंबरी, तो आगबोटीला निघण्याआधी संपवायची म्हणून अंगणात मोठ्यानं वाचत होतो. बायको आणि आत्या कावळे हाकायचं विसरल्या होत्या. गोष्ट आगगाडीतली, आणि आगगाडी आमच्यात कुणीच पाहिलेली नव्हती. आम्हांला ठाऊक आगबोट, तिच्यातून उतरायचं ते पडावात, किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत. खुनी सुरा घेऊन डब्यात शिरला, प्रियकर मागून धावला, नायिकेनं धावत्या गाडीचं दार उघडून एक पाय बाहेर टाकला. "अगो थांब, पडाव लागू दे," आत्या कळवळली. "लागेलच," मी जाणत्यासारखा म्हणालो. तेवढ्यात शेजाऱ्यानं पुस्तक हिसकावलंन आणि बंदराकडे पळाला. परवा साठं वाळत घातलेल्या अंगणात टेकायला गेलो, तर बायको म्हणाली, "बघून बसा हो. ती बिचारी अजून दारातच उभी आहे."