ऐकू येणारी शीर्षकं

मुलगी कॉलेजला जायला लागली तेव्हा मी पुन्हा नोकरी धरली. डोंबिवलीत मानपाड्याला कारखान्यांसाठी मोठे पंखे आणि धूळ ओढणारी यंत्रं बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या ऑफिसात. पत्रं, कोटेशनं, ग्राहकांना पाठवायची कागदपत्रं, असं काम. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "वर्ड येतं ना?" मी म्हटलं, "येतं की." खोटं नव्हतं ते. सोसायटीच्या नोटिसा मीच टाइप करायचे, मुलीचे शाळेचे प्रोजेक्टही मीच केलेले. अक्षर मोठं करायचं, ठळक करायचं, मध्यावर आणायचं आणि खाली जायचं असेल तर एंटर दाबत राहायचं. वर्ड म्हणजे एवढंच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

ती एका टेंडरने मोडली. बाहेरच्या राज्यातल्या एका कारखान्याला आमची यंत्रं हवी होती, त्यासाठी सविस्तर तांत्रिक प्रस्ताव द्यायचा होता. त्यात तक्ते, आडव्या पानांवरची ड्रॉइंगं, शेवटी जोडपत्रं. मी ते बाड मन लावून तयार केलं. अनुक्रमणिका हाताने टाइप केली, टिंबांच्या रांगा ओढल्या, पुढे पानांचे आकडेही हातानेच घातले. दिसायला इतकं देखणं झालेलं की मोबाइलवर फोटो काढून मी घरी नवऱ्याला दाखवला.

मग ग्राहकाचा निरोप आला, मध्ये दोन प्रकरणं वाढवा. ती घातली आणि अख्खं बाड हललं. तक्ते अर्धे या पानावर, अर्धे पुढच्या. एका ड्रॉइंगखाली भलत्याच ड्रॉइंगचं नाव. मी एंटर मारून एकेक गोष्ट जागेवर ढकलत बसले. एक बसवली की पुढची निसटायची. शेवटी माझ्या कॉम्प्युटरवर सगळं सरळ दिसलं तेव्हा फाईल साहेबांना पाठवली. त्यांच्याकडे उघडली तर सगळं पुन्हा सरकलेलं. त्यांनी मला बोलावून स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"मॅडम, अनुक्रमणिका म्हणते मोटरची माहिती या पानावर आहे. इथे तर वॉरंटी आलीय."

ते ओरडले असते तर परवडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "असू दे. मी थोडी मुदत मागून घेतो. पण हे नीट करा." मी मान हलवली. नीट कसं करायचं हे मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी मेथी निवडता निवडता मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, ताईला विचार ना. तिने जन्मभर हेच तर केलंय."

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, सासूबाईंबरोबर ठाण्यात कोपरीला राहतात. कोलशेतच्या एका कंपनीत त्या यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायच्या: यंत्र कसं बसवायचं, कसं चालवायचं, बंद पडलं तर आधी काय बघायचं. मग त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत गेला. कडेकडेचं दिसायचं, पण जिथे नजर लावावी नेमका तिथेच धुरकट डाग. अक्षर वाचता येईना तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, आणि तेव्हापासून बोलणंही कमी केलं. आमचं कधी वाजलं नव्हतं, पण सणावारी भेटायचं, डबे द्यायचे-घ्यायचे, यापलीकडे काही नव्हतंही.

"अरे, पण त्यांना स्क्रीन दिसत नाही," मी म्हटलं. "हे विचारायचं म्हणजे दुखऱ्या जागी बोट ठेवायचं."

"विचारून तर बघ."

मी भीत भीत फोन केला. "ताई, तुमच्याकडे एक काम होतं. मला वर्ड शिकायचंय. नीट. टेंडरं बनवण्याइतकं."

काय बिघडलंय ते त्यांनी आधी माझ्याकडून काढून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन ये. आणि ती बिघडलेली फाईल घेऊन ये. दुरुस्त करू नकोस, आहे तशी आण."

कोपरीच्या घरात जेवायच्या टेबलावर आमची शिकवणी सुरू झाली. ताई माझ्याकडे तोंड करून, लॅपटॉपकडे पाठ करून बसल्या. "मला दिसत नाही, तर उगाच वाकून कशाला बसू? तू सांग, मी ऐकते. वर होम लिहिलेल्या पट्टीवर उलट्या पीसारखं एक चिन्ह असेल, ते दाब. काय दिसतंय?"

मी दाबलं आणि दचकलेच. पानभर, ओळींखाली, रिकाम्या जागांत, तीच उलट्या पीची चिन्हं. "ताई, मुंग्या लागल्यासारखं झालंय!"

"त्या मुंग्या नाहीत, तुझे एंटर आहेत. जिथे जिथे दाबलंस तिथे एकेक बसलाय. आणि शब्दांच्या मध्ये बारीक ठिपके असतील, ते तुझे स्पेस."

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "किती आहेत गं?" मी म्हटलं, "मोजण्यापलीकडे." यावर ताई हसल्या. त्या घरात त्यांचं हसणं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

त्यांची एक अट होती. आधी मला काय हवंय ते साध्या मराठीत सांगायचं, मगच माउसला हात लावायचा. "हे ड्रॉइंग आडव्या पानावर हवंय, पण त्याच्या आधीची आणि नंतरची पानं उभीच राहायला हवीत," असं मी सांगितलं की त्या म्हणायच्या, "म्हणजे पानांचे वेगळे गट कर. ड्रॉइंगच्या आधी एक सेक्शन ब्रेक, नंतर एक. मधला गट आडवा." हवं ते शब्दांत नीट मांडता आलं की बटण सापडायचंच. मांडता आलं नाही, तर त्या हाताची घडी घालून थांबायच्या. मला घाई झालेली असायची, त्यांना नाही.

आणि त्यांचा सगळा भर एका गोष्टीवर होता: स्टाइल. प्रकरणाचं नाव हाताने मोठं-ठळक करायचं नाही, त्याला 'हेडिंग वन' ही स्टाइल लावायची. पोटशीर्षकाला 'हेडिंग टू'. तसं केलं की अनुक्रमणिका वर्ड स्वतः बनवतं, मध्ये काहीही वाढवा, 'अपडेट' म्हटलं की पानांचे आकडे आपोआप बदलतात. पहिल्यांदा ती अनुक्रमणिका एका क्लिकवर समोर उभी राहिली तेव्हा माझ्या तोंडून "अगंबाई!" निघालं. त्या दुपारी माझं अर्धं ओझं उतरलं.

पण ताई तिथे थांबेनात. अनुक्रमणिकेत न येणारी बारकी शीर्षकंसुद्धा स्टाइलनेच करायला लावत. एका रविवारी मी वैतागलेच. "ताई, या छोट्या शीर्षकाला नुसतं बोल्ड केलं तर काय बिघडणार आहे? छापल्यावर सारखंच तर दिसतं!"

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि स्वतःचा लॅपटॉप घेऊन आल्या. "तुझी जुनी फाईल आणि आताची फाईल, दोन्ही मला मेल कर."

मी पाठवल्या. त्यांनी लॅपटॉप उघडला. स्क्रीन काळीच होती. मी म्हटलं, "ताई, चालू नाही झाला बहुतेक."

"चालू आहे. उजेड बंद ठेवते. मला काय करायचाय तो?" एरवी त्या इअरफोन लावत असाव्यात, पण आता त्यांनी तो काढून ठेवला. लॅपटॉपमधून एका बाईचा आवाज भराभर इंग्रजी बोलायला लागला, इतक्या वेगाने की मला शब्द सुटे करता येईनात. त्या स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरत होत्या. ठाण्यात नजर अधू झालेल्यांसाठी एक शिबिर होतं, तिथे त्या ते शिकलेल्या. घरी कुणाला बोलल्या नव्हत्या.

सासूबाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. "म्हणजे तू दिवसभर गाणी ऐकत नव्हतीस? मला वाटायचं, बंद कॉम्प्युटरसमोर बसून पोरगी गाणी ऐकते. म्हटलं, ऐकू दे, तेवढाच विरंगुळा."

"पुस्तकं वाचत होते, आई."

सासूबाई तशाच दाराला टेकून उभ्या राहिल्या.

ताईंनी माझी जुनी फाईल उघडली. "आता मला मोटरची माहिती हवीय. डोळे असते तर भराभर पानं खाली सरकवून ठळक अक्षर शोधलं असतं. मी शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारते, हे बटण दाबून." त्यांनी बटण दाबलं. आवाज म्हणाला, 'नो नेक्स्ट हेडिंग.' पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. "ऐकलंस? इतकं मोठं बाड, आणि माझ्यासाठी त्यात एकही शीर्षक नाही. पहिल्या शब्दापासून ऐकत जायचं, दुसरा मार्ग नाही. तू ठळक केलेलं अक्षर मला ऐकू येत नाही गं."

मग नवी फाईल. बटण दाबलं, 'इंट्रोडक्शन, हेडिंग लेव्हल वन.' पुन्हा दाबलं, पुढचं प्रकरण. त्यांची बोटं झपाझप चालली, आवाज एका शीर्षकावरून दुसऱ्यावर चालला, आणि मोटरच्या प्रकरणाशी येऊन थांबला. "ही बघ तुझी मोटर," त्या म्हणाल्या.

कागद नेटका दिसावा म्हणून मी हे सगळं शिकत होते. कुणीतरी तो ऐकतही असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी निमूटपणे माउस धरला आणि राहिलेल्या प्रत्येक बारक्या शीर्षकाला स्टाइल लावली.

मुदतीच्या आत प्रस्ताव गेला. शेवटच्या क्षणी साहेबांनी त्यात आणखी एक प्रकरण घालायला सांगितलं, तेव्हा ते माझ्या खुर्चीमागेच उभे होते. मी ते घातलं, अनुक्रमणिकेवर राइट क्लिक करून 'अपडेट' म्हटलं, सगळे आकडे आपापल्या जागी बसले. साहेब म्हणाले, "मॅडम, हे कुठे शिकलात?"

"नणंदेकडे."

ते काम आम्हाला मिळालं की नाही, असं लोक विचारतात. नाही मिळालं. दुसऱ्या कुणाला तरी गेलं. पण साहेबांनी त्या फाईलवरून कंपनीचा कायमचा साचा बनवायला सांगितला, आणि पुढच्या महिन्यांत त्याच साच्यातून गेलेले काही प्रस्ताव मंजूर झाले.

नंतर आमच्या यंत्रांची माहितीपुस्तकं नव्याने लिहायची निघाली. जुनी कुणीतरी कधीतरी लिहिलेली, ग्राहकांचे सारखे फोन यायचे. मी साहेबांना ताईंबद्दल सांगितलं. डोळ्यांचंही सांगितलं, लपवलं नाही. साहेब जरा घुटमळले. "मग त्या तपासणार कशा?"

"ऐकून. एक पुस्तक देऊन तर बघा, सर."

एक पुस्तक ताईंकडे गेलं. ते परत आलं तेव्हा समासात त्यांच्या सूचना होत्या, ज्या वर्डमध्ये कडेला फुग्यांसारख्या दिसतात. 'हे वाक्य दोनदा ऐकलं, तरी कळलं नाही. मोडून लिहा.' 'वीज बंद करायची सूचना झाकण उघडल्यानंतर येते. आधी घ्या, नाहीतर माणूस हात घालून मोकळा होईल.' साहेबांनी ते वाचलं, आमच्या सर्व्हिसच्या माणसाला बोलावून वाचायला दिलं, आणि मला म्हणाले, "पुढचं पण त्यांनाच पाठवा. रीतसर काम म्हणून."

तेव्हापासून ताई आमच्या कंपनीसाठी कोपरीतून लिहितात. आमच्या फायली इकडून तिकडे जातात, त्यात मी केलेले बदल एका रंगात, त्यांचे दुसऱ्या. त्यांचा रंग कोणता हे त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, "लाल." त्या म्हणाल्या, "शोभतो मला."

मागच्या महिन्यात त्या मानपाड्याला कारखान्यात आल्या. "यंत्राला हात लावल्याशिवाय मी कधी पुस्तक लिहिलं नाही," म्हणाल्या. फिटरने यंत्र बंद करून, वीज तोडून, सगळे भाग एकेक करून त्यांच्या हाताखाली दिले. त्यांनी झाकणाच्या कडेवरून बोटं फिरवली, कड्या उघडून-लावून बघितल्या, फिल्टरच्या पिशव्या चाचपल्या, फिटरला प्रश्न विचारून पार घामाघूम केलं. तो शेवटी म्हणाला, "मॅडम, एवढं तर मला ट्रेनिंगलाही नव्हतं विचारलं," आणि खूश होऊन त्यांच्यासाठी स्वतः चहा घेऊन आला.

चहा पिताना मी त्यांना म्हटलं, "ताई, तुम्ही नसतात तर मी ही नोकरी केव्हाच सोडली असती." हे मला बरेच दिवस सांगायचं होतं. सणावारी, सगळ्यांच्या देखत सांगायला जमलं नव्हतं.

त्यांनी माझा हात शोधून धरला. "तू फोन केलास ना, तेव्हा मला वाटलं, चुकून लागला असेल. कुणी काही विचारेल असं वाटेनासंच झालेलं." मग लगेच आवाज बदलून म्हणाल्या, "पण तुझं एक राहिलंय हं. पुस्तकात चित्रं टाकतेस, त्यांना वर्णन लिहीत नाहीस. मला नुसतं 'इमेज, इमेज' ऐकू येतं. चित्रावर राइट क्लिक कर, तिथे लिहायची सोय आहे. काय दिसतंय ते दोन ओळींत लिही."

कप ठेवून आम्ही माझ्या टेबलाशी गेलो. मी पुस्तक उघडलं, पहिल्या चित्रावर क्लिक केलं, आणि ताई शेजारच्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "हं, सांग. काय दिसतंय?"