डिंभ्याच्या एसटीत ग्लॅडिओ

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. अवसरी बुद्रुकला आमच्या विहिरीशेजारी त्यांचा ग्लॅडिओच्या फुलांचा तुकडा आहे. बाकीचं शेत कांद्या-बटाट्याचं, घरच्या पुरुषांचं. हा तुकडा मात्र आत्यांचा. तिथं कुणी चप्पल घालून गेलेलंही त्यांना खपत नाही.

त्या वर्षी ऊन असं तापलं की सगळ्या काड्या एकदमच रंगावर आल्या. आम्ही त्या कापल्या, गड्ड्या बांधल्या, आणि आमची फुलं पुण्याला नेणारा टेम्पोवाला आलाच नाही. त्याचं स्वतःचं लग्न होतं. तेवढं आत्यांनी समजून घेतलं. पण स्टेजला प्लास्टिकची फुलं लावलीत हे कळलं तशा त्या खाटेवरून ताडकन उठल्या.

"जल्मभर माझी फुलं वाहिली, आन् सोताच्या लग्नात पलास्टिक?"

"आत्या, पण या गड्ड्यांचं काय करायचं?"

"डिंभ्याला जाऊ. थोरलीला देऊ."

थोरली म्हणजे त्यांची मोठी बहीण, आमच्या मावशी. आयुष्यात कशाचंही कौतुक न केलेली बाई. माझ्या लग्नात मला बघून "बरीय" म्हणाल्या होत्या, आणि ते फार मोठं प्रशस्तिपत्र आहे असं मला घरच्यांनी समजावलं होतं.

ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं माझ्याएवढं उंच बोचकं घेऊन आम्ही मंचरला एसटीत चढलो. ते खिडकीच्या सीटवर बसवलं, शेजारी आत्या, मी उभी. कंडक्टर आला.

"हे कोण?"

"फुलं हायेत."

"सीट अडवलीय. तिकीट लागंल."

"मग अर्धं द्या. बायांना अर्धंच असतं," आत्या म्हणाल्या.

मागच्या सीटवर एक रिटायर मास्तर होते. ते गंभीरपणे म्हणाले, "ते फूल. नपुंसकलिंग. सवलत बसत नाही."

कंडक्टर विचारात पडला. आत्यांनी गोणपाट बाजूला सारून एक लालभडक काडी बाहेर काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली. "फूल कुणी म्हनलं? ही काडी हाय. ती काडी! झाली का न्हाई बाई?"

मास्तरांनी मान तुकवली. "स्त्रीलिंग. बरोबर आहे." कंडक्टरनं ती काडी खिशाला लावली आणि तिकिटाचं पुन्हा नाव काढलं नाही.

आता सगळ्या बसचं लक्ष आमच्याकडे लागलं. एका टोपीवाल्या बाबांनी विचारलं, "कुनाचा सत्कार हाय?"

"कुनाचा न्हाई. बहिणीला चाललीत."

"निवडून आली का?"

"न्हाई."

"मग तिनं केलं काय?"

"काय बी नाय केलं," आत्या म्हणाल्या. "कधीच नाय करत."

बाबांना हे काही पटलं नाही. कारणाशिवाय एवढी फुलं कुणी कुणाला देतं होय!

घोडेगावला एक कुटुंब चढलं: आई, वडील आणि इस्त्रीचा शर्ट घामानं भिजवलेला मुलगा. पुढच्या गावात मुलगी बघायला चालले होते. मुलाचे हात असे थरथरत होते की पिशवीतला पेढ्यांचा बॉक्स खुळखुळत होता. आत्यांनी एक अख्खी गड्डी त्याच्या हातात कोंबली.

"ही धर. हात थरथरायचं थांबतंय."

"आपल्यात असलं देत न्हाईत," वडील कुरकुरले. "पोहे खायाचे आन् यायाचं."

पण मुलगा गड्डी सोडेना. ती छातीशी धरून तो खाली उतरला. मुलीचं घर रस्त्यालगतच होतं. ड्रायव्हरनं इंजिनच बंद केलं आणि आम्ही सगळे खिडक्यांना लागलो. मुलगा अंगणात गेला. मुलगी दारातच उभी होती. तो तिच्याकडे बघतोय तोवर मुलीचे वडील लगबगीनं पुढे आले. फुलं म्हणजे सत्कार, आणि सत्कार म्हणजे आपलाच, असं समजून त्यांनी दोन्ही हातांनी गड्डी घेतली, वाकून नमस्कार केला आणि फोटोसाठी सरळ उभेही राहिले. मुलगा तसाच हात पुढे करून उभा. मुलगी तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. मग त्यालाही हसू फुटलं.

"जमलं!" ड्रायव्हर ओरडला. सगळ्या बसनं टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आत्यांना कुणी आवरू शकलं नाही. प्रत्येकाला एकेक काडी. टोपीवाल्या बाबांनी काडी कानावर खोवली, तर ती त्यांच्या टोपीच्या वर वीतभर गेली. मास्तरांनी दोन मागितल्या, "एकवचन बरं दिसत नाही" म्हणून. ड्रायव्हरनं आरशाला पिवळी बांधली. डिंभ्याला उतरलो तेव्हा बोचक्यात लाल फुलांच्या दोनच गड्ड्या उरल्या होत्या.

मावशींनी त्या उलटसुलट करून पाहिल्या.

"याची भाजी होते का?"

"न्हाई गं. नुसतं बघायचं."

"नुसतं बघायला टीव्ही हाय की."

तरी त्यांनी उंच भांडं शोधलं. घरात उंच असा एक मोठा कुकरच निघाला. त्यात पाणी घालून फुलं ओट्यावर ठेवली. मग त्या दार ओलांडून गेल्या आणि साखर मागायला म्हणून शेजारणीला घेऊन आल्या. नंतर मीठ मागायला दुसरीकडे गेल्या, तिलाही घेऊन आल्या. साखर, मीठ, हळद सगळं घरात होतं. येईल तिला एकच सांगणं: "धाकटीनं आणलीत. आवसरीची हायेत. खालनं वर उमलत जात्यात, बघ." हे आत्यांनी त्यांना नुकतंच सांगितलं होतं.

रात्री मावशींचे यजमान, काका, वरणभाताची वाट बघत बसले. कुकरला हात लावायची सोय नव्हती. शेवटी पिठलं-भाकरी झाली. काका खुर्ची उचलून टीव्हीकडे पाठ करून ओट्यासमोर बसले. मग म्हणाले, "लई लाल हाय, राव."

सकाळी निघताना मावशी फाट्यापर्यंत सोडायला आल्या. मला वाटलं, आता तरी चांगलं काहीतरी बोलतील. बस दिसली तशा त्या आत्यांना म्हणाल्या, "पुढल्या खेपेला पिवळी आण. लाल यांना आवडली. मला न्हाई."

अख्ख्या परतीच्या वाटेत आत्या धुसफुसत होत्या. "आयती मिळाली तर निवड करतीय बया!" मंचर आलं. मी उतरून घराच्या रस्त्याला वळले, तर आत्या शेजारी नाहीत. मागं वळून पाहिलं, तर त्या लागवडीचे कंद विकणाऱ्याच्या दुकानात शिरून पिवळा रंग नक्की कोणता, यावर त्याच्याशी भांडत होत्या.