ठासणी आप्पांचा भोपळा

ठासणी आप्पा कुणाच्याही हातातल्या लांबट वस्तूसमोरून कधी चालत गेले नाहीत. छत्री असो, ऊस असो, केरसुणी असो. तिचं टोक आपल्याकडे आहे असं दिसलं की ते वळसा घालत. सणसवाडीच्या कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवलेला, साहेबालाही उलट बोलणारा, आपल्या कामाची आपणच तोंडभर स्तुती करणारा हा माणूस केरसुणीला बिचकतो, याची आम्हाला गंमत वाटायची.

आमचं शिरूरचं हौशी नाटक मंडळ. इंग्रजांविरुद्धच्या बंडावर आम्ही मैदानी नाटक करत असू. त्यासाठी जुन्या घडणीच्या नकली ठासणीच्या, म्हणजे नळीत दारू ठासून भरायच्या, बंदुका घेतल्या होत्या. गोळी नाही, नुसती काळी दारू, धूर आणि आवाज. पण तोही होईना. ऐन लढाईत चाप ओढला की फुस्स! मग पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडायचं, "पावनं, काडीपेटी देऊ का?" शेवटी मी आप्पांचे पाय धरले.

आप्पांनी एकेक बंदूक खोलली. ठिणगी आत जायचं छिद्र काजळीनं बुजलेलं, स्प्रिंगा ढिल्या, दारूला दमट हवा लागलेली. त्यांनी सगळं नव्यासारखं करून दिलं आणि तेव्हापासून ते ठासणी आप्पा झाले. "कंपनीत बी असा फिटर न्हवता," मिशीवर हात फिरवत ते म्हणाले. मग बंदूक हातात देताना प्रत्येकाला बजावलं, "बार उडंलच. तू समोर काय हाय ते बघ."

बार उडू लागले आणि आमची भीती गेली. पूर्वी बंदूक काय करील याचा नेम नसायचा, म्हणून जो तो नळी आभाळाकडे धरायचा. आता व्हिडिओत खरं दिसावं म्हणून बंडवाल्यांचा म्होरक्या झालेला संजू बंदूक थेट माझ्या तोंडावर रोखू लागला. फितुराचं काम माझं. शेवटच्या प्रवेशात तो मला मारत असे. दौंडच्या प्रयोगाआधीच्या तालमीत हे आप्पांनी पाहिलं. उठून बाजारात गेले, एक भोपळा घेऊन आले. तो खुर्चीवर ठेवला, माझ्या डोक्यावरची पगडी काढून त्याला घातली आणि मला बाजूला ढकललं.

"संज्या, हान."

"आप्पा, गोळी न्हाई त्यात."

"म्हनून तर म्हनतो. रोजच्यासारखा उभा ऱ्हा आन् हान."

संजू रोजच्यासारखा हातभर अंतरावर उभा राहिला. बार झाला. धूर विरला तेव्हा भोपळ्याला तोंड उरलं नव्हतं. बिया माझ्या सदऱ्यावर उडाल्या होत्या, पगडी जळत होती. संजूनं बंदूक जमिनीवर ठेवली. आणि मी पहिलं काय बोललो, याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "आप्पा, पगडी भाड्याची होती!"

"आन् डोस्कं?"

त्या दिवसापासून मैदानावर फक्कीच्या रेषा आल्या. उभं राहायचं ते रेषेवर, नळी धरायची ती बाजूला रोवलेल्या बांबूकडे. दौंडचा प्रयोग आप्पांनी विंगेतून डोळे वटारून पाहिला. मी मेलो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा बांबूकडे बघत होते.

गेल्या वर्षी आप्पा गेले. दहाव्याला घोड नदीच्या घाटावर त्यांच्याच बंदुकांनी सलामी द्यावी, ही कल्पना माझी. परवानगी काढली, फक्कीनं रेष आखली, नळ्या नदीकडे धरल्या. पिंड ठेवला आणि मी हात खाली केला. सगळ्या बंदुका एकदम उडाल्या. एकही फुस्स नाही. मला भरून आलं.

आणि घाटावरच्या बाभळींतले, पलीकडच्या काठावरचे सगळे कावळे एका कल्लोळात उठले आणि दिसेनासे झाले.

दुपार कलली तरी एकही परतला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मी आप्पांच्या लेकीसमोर हात जोडले. ती पिंडाकडे बघतच हळू म्हणाली, "दादा, समोर काय हाय ते बघायचं ऱ्हायलं बघा."