राहू दे, एवढंच सांगितलं

कालपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगताना मध्येच अडखळलो, तर शब्द सापडत नाही असं समजू नका. लाज वाटते, म्हणून.

साताऱ्यात आमचं छोटं ऑफिस आहे. ट्रॅक्टर चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. शिकणाऱ्याच्या हातात खरं स्टिअरिंग, समोर पडद्यावर रस्ता, बाजूला आरसा; मान वळवली की पडद्यावरचं दृश्यही वळतं. त्या आरशात मागची उसाची ट्रॉली दिसली पाहिजे — आणि आरशातच दिसली पाहिजे, बाहेर नाही. त्यासाठी स्टेन्सिल टेस्ट वापरतात. ट्रॉलीवर नंबर टाकताना पेंटर आकडे कापलेला पत्रा धरतो आणि वरून रंग मारतो ना? तसंच. आधी आरशाच्या आकाराची खूण करायची, मग पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला विचारायचं — तू खुणेच्या आत आहेस का? असलास तर रंग, नाहीतर सोडून दिला. आणि प्रत्येक नवं चित्र काढायच्या आधी जुनी खूण पुसायची.

गोम आहे ती या पुसण्यात. खुणेवर मास्क असतो, म्हणजे झाकणच म्हणा. ते लागलेलं असलं तर पुसण्याचा हुकूम चालतो, पण पुसलं काहीच जात नाही. यंत्र हूं की चूं करत नाही. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं की! पण आमच्या कामात ते झाकण उघडंच आहे, अशी माझी खात्री होती. न बघताच.

सारिका कवठे महांकाळची, इंजिनिअर, माझ्या हाताखाली नवी लागलेली. नोकरी अजून कायम व्हायची होती. तिनं मला पडद्यावर दाखवलं — ‘‘आवं दादा, पुसायच्या आदी मास्क उघडाय पायजे. ही ओळ घातलीया म्या.’’

मी घाईत होतो. म्हणालो, ‘‘राहू दे गं, नुसती गर्दी होते.’’

तिनं ओळ काढून टाकली. मी समोर बघत ट्रॅक्टर चालवून पाहिला, सगळं झकास.

आष्ट्याला गिऱ्हाइकाला दाखवायला गेलो, तेव्हा त्यांच्याकडून खुर्चीत बसले एक निवृत्त सुभेदार. फौजेत गाड्या चालवलेला माणूस, मान वळवल्याशिवाय गाडी हलवायचा नाही. त्यांनी मान वळवली. पडद्यावर आरसा सरकला, जुनी खूण तिथंच राहिली, आणि ऐन समोरच्या काचेत मागची ट्रॉली धावू लागली. ‘‘आरं, म्या फुडं चाललोय का मागं?’’ सगळी खोली हसली. काम हातचं गेलं.

परत आल्यावर साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ती ओळ का नव्हती?

आता इथंच — इथंच मी मनातल्या मनात इतकी वर्षं थांबत आलोय. मी म्हणालो, ‘‘सारिकानं घातली होती. मी तिला ‘राहू दे’ म्हणालो होतो.’’

खोटं कुठं होतं यात? म्हणालोच होतो. पण ‘राहू दे’ म्हणजे असू दे, आणि ‘राहू दे’ म्हणजे नको. पुढचे शब्द मी गिळले. ऐकणाऱ्यांनी हवा तो अर्थ घेतला, आणि तो मला हवा तोच होता. साहेब सारिकाला म्हणाले, ‘‘साधं मराठी कळत नाही तुला?’’ तिनं माझ्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य तिला आठवत होतं, हे मला दिसलं. मी पाण्याची बाटली उघडत बसलो. तिला कायम केलं नाही.

भीतीपोटी झालं, असं मी स्वतःला समजावत आलो. तेही खोटं आहे. कारण पुढं काही महिन्यांनी पुण्याच्या एका कंपनीतून मला फोन आला. सारिकानं अर्ज केला होता. कामाला कशी आहे, विचारत होते. त्या वेळी मला कुणी घेरलं नव्हतं. साहेब समोर नव्हते. मी निवांत चहा पीत होतो. ‘‘हुशार आहे,’’ मी म्हणालो, ‘‘पण सांगितलेलं नीट ऐकत नाही.’’ इतक्या सहज बोललो की चहाही निवला नाही. हा माझा खरा गुन्हा. पहिला घाबरटपणा होता, दुसरा नीचपणा.

काल मी ऑफिसच्या त्याच खोलीत, सगळ्यांना बसवून, दोन्ही गोष्टी सांगितल्या. साहेब काय करायचं ते करतील. मग सारिकाला फोन लावला. ती गावीच असते, शाळेच्या पोरांच्या शिकवण्या घेते. आष्ट्याचं सांगितलं तेव्हा ती हसली. ‘‘ठाव हाय की दादा मला. कवाच सोडलं म्या ते.’’

मी तिथंच थांबू शकलो असतो. थांबलो नाही. पुण्याच्या फोनचंही सांगितलं.

ती म्हणाली, ‘‘त्यो फोन तुमाला आला व्हता व्हय?’’

आणि तिनं फोन ठेवला.