दादाच्या वावरातली समुद्रमोजणी

मी समुद्राचा तळ मोजते. तो कुठून फाटला, कोणता तुकडा कुणापासून तुटून निघाला, हे दगडातल्या चुंबकत्वावरून शोधायचं, हे माझं काम. आणि माहेर माझं धामणगाव बढ्याला, जिथून समुद्र बघायचा तर रात्रभर प्रवास करावा लागतो. गावात कुणी विचारलं, बाई काय करते, तर वहिनी सांगते, "समुद्रात असते." ऐकणाऱ्याला वाटतं, हिचा नवरा नेव्हीत असावा.

त्या हिवाळ्यात मी माहेरी गेले ती नुसती उड्या मारत. दादाच्या मुलीची एका संशोधन जहाजावरच्या प्रशिक्षण सफरीसाठी निवड झाली होती. पोरगी भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहे. तिच्या निवडीत माझा काडीचाही हात नव्हता, त्यामुळे आनंद दुप्पट. महिनाभर समुद्रात राहायचं, तळाची मोजणी शिकायची! मला तर कधी एकदा तिला जहाजावर चढवते असं झालं होतं. अडचण एकच होती. दादा हो म्हणत नव्हता. बरं, नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. विषय निघाला की तो उठायचा आणि गोठ्यात जायचा. पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी त्याला ताटावरच गाठलं. भरल्या ताटावरून दादा उठत नाही, हे मला ठाऊक होतं.

"दादा, पोरीले काऊन पाठवत नाही तू?"

"पाठवत नाही म्हटलं का म्या?"

"मंग पाठवतो म्हन."

"पैले मले समजू तं दे, तुमी तिथं करता काय. एवढ्या पान्याखालचा दगड दिसते का?"

"दिसत नाही. पन मोजता येते. उद्या तुह्या वावरात मोजून दाखवते!"

बोलून गेले आणि मलाच चेव चढला. चुंबकत्व मोजायचं यंत्र गाडीत होतंच, कारण आपल्या भागातल्या काळ्या दगडाची मोजणी करायला म्हणून मी आले होते. दादाच्या वावरात एक आडवा पट्टा आहे. तिथं नांगर लावला की खटखट वाजतं आणि मिरची कितीही पाणी दिलं तरी खुरटी राहते. त्या पट्ट्यावर माझा कधीपासून डोळा होता.

सोयाबीन निघालेलं वावर मोकळं पडलं होतं. सकाळी मी काडीनं मातीत चित्र काढून दादाला सांगायला बसले. "हे बघ. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं जमीन फाटत होती. भेगेतून लाव्हा वर यायचा. शेवटचा लाव्हा भेगेतच थिजला की तिथं दगडाची उभी भिंत तयार व्हायची. तुझ्या पट्ट्याखाली तशी भिंत असणार. समुद्राखालीही हेच चालतं. फरक एवढाच, की तिथली भेग थांबत नाही. एक भिंत थिजली की ती मधोमध फाटते, नवा लाव्हा येतो, पुन्हा भिंत. जुन्या भिंती दोन्हीकडं सरकत जातात. असं भिंतीला भिंत लागून समुद्राचा अख्खा तळ तयार होतो!"

"अन् चुंबक कुठून आलं?"

"लाव्हा थिजताना पृथ्वीच्या चुंबकाची दिशा दगडात गोठते. पृथ्वीचं चुंबक मधूनमधून उलटं होतं. म्हणून तळावर सुलटा पट्टा, उलटा पट्टा, सुलटा पट्टा. भेगेच्या या बाजूला जसे, तसेच त्या बाजूला. लुगड्याचे दोन काठ असतात ना, तसे."

दादानं मान हलवली. त्याला खरंच पटलं होतं का तो फक्त मला गप्प करत होता, हे मला कळलं नाही. मी गप्प झाले नाहीच.

मग मी हुकूम सोडला. यंत्राजवळ लोखंड नको, टाचणीसुद्धा नको. आता आमच्याकडच्या बाईच्या अंगावरून लोखंड काढायचं म्हणजे काय प्रकार असतो! वहिनीनं मंगळसूत्राच्या पिना काढल्या, बांगड्यांत अडकवलेल्या काढल्या, खांद्यावरची काढली, केसांतल्या काढल्या. "आता लुगडं सुटलं तं तुमच्या इज्ञानाची जबाबदारी," असं म्हणून ती बांधावर पदर खोचून बसली. दादानं चाकू, किल्ल्या, चुन्याची डबी आणि मोबाइल गमछ्यावर ठेवला. पट्टा सोडताना एकदा पॅन्ट सावरली. गमछ्यावर भंगाराचं दुकान मांडल्यासारखं दिसत होतं.

यंत्राचा मोजणारा भाग पाठीवरच्या चौकटीला बसवलेला असतो. ती चौकट भाचीनं पाठीवर घेतली. पट्टे आवळायला दादानं मदत केली. भाचीनं दोरीनं आखलेल्या ओळीवर उत्तरेला चालत जायचं, शेजारच्या ओळीनं दक्षिणेला यायचं. आकडे दाखवणारी पेटी माझ्या हातात. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि माझं डोकं फिरलं. जाताना सगळे आकडे वर, येताना सगळे खाली. भिंतीची खूण त्या गोंधळात बुडून गेली होती. मी वायरी तपासल्या, बॅटरी बदलली, उन्हाला नावं ठेवली, यंत्र बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुन्हा तेच.

दादा शांतपणे म्हणाला, "नाही जमत तं ऱ्हाऊ दे." त्या आवाजात मला थोडी सुटका ऐकू आली. आता पोरगी कुठली जाते, असं मला वाटलं.

भाची मात्र उभी होती तिथून हलली नव्हती. ती म्हणाली, "आत्या, जागा बदलली की आकडा बदलायले पाहिजे. नुसतं तोंड फिरवल्यानं काऊन बदलून राह्यला? लोखंड माह्याच अंगावर हाय." आणि ती जागच्या जागी हळूहळू गोल फिरली. आकडा चढला, उतरला, पुन्हा चढला. मला तर ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही! जहाजावर नवख्यांना हे सुचायला आठवडा लागतो.

मग शोधाशोध. चौकटीच्या कमरपट्ट्याच्या आतल्या कप्प्यातून तिनं एक लाल चिंधीची पुरचुंडी काढली. आत बैलाच्या खुराला मारतात त्या नालेचा झिजलेला तुकडा होता.

आम्ही दोघींनी वहिनीकडं पाहिलं. वहिनी म्हणाली, "माह्याकडं काय पाहता? म्या पिना देल्या ना सगळ्या."

दादा बांधापलीकडच्या मिरचीच्या वाफ्याकडं बघत होता. "म्या ठेवला," तो म्हणाला. "भर उन्हाची पोरगी मोकळ्या वावरात फिरन. पाठीवर कायचं यंत्र, मले काय माहीत. जवळ लोखंड असलं म्हंजे पोरीले काही लागत नाही."

बाळंतिणीच्या उशाला चाकू ठेवणारी, तान्ह्या पोराला लोखंडाशिवाय उंबऱ्याबाहेर न नेणारी आमची माणसं. एरवी मी हसले असते. त्या दिवशी मला रडू आलं. गावाशेजारच्या वावरात फिरणाऱ्या मुलीसाठी ज्यानं नाल बांधून ठेवली, त्याला आम्ही तिला महिनाभर समुद्रावर धाड म्हणत होतो. तो रागावला नव्हता, हट्टाला पेटला नव्हता. नुसता घाबरला होता, आणि हे त्याला कुणालाच सांगता येत नव्हतं.

भाचीनं चिंधी पुन्हा नीट बांधली आणि त्याच्या हातात दिली. "बाबा, हे घेऊन त्या कडंच्या निंबापाशी उभे राहा. तिथून माह्यावर लक्ष ठेवा."

दादा गेला आणि मूठ आवळून निंबाखाली उभा राहिला. भाची चालू लागली. या वेळी आकडे सरळ आले, पट्ट्यापाशी झपकन चढले, लगेच खोल उतरले, पुन्हा सरळ! दुसऱ्या ओळीत तसंच, तिसऱ्या ओळीत तसंच. आकडा चढला की मी "गाड!" म्हणून ओरडायची आणि ती तिथं बांबूची खुंटी रोवायची. दुपार टळेपर्यंत खुंट्यांची सरळ रांग वावराच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत गेली होती. इतक्या वर्षांत मी समुद्रात असे कितीतरी पट्टे काढले, पण एकाच्याही टोकाशी माझा भाऊ उभा नव्हता.

दादाला राहवलं नाही. चिंधी निंबाच्या फांदीला अडकवून तो धावत आला. एक डोळा मिटून त्यानं खुंट्यांची रेघ पाहिली. "सरळ चालली हे! शेजाऱ्याच्या वावरातबी असन! थांब, त्याले सांगतो, तुहीबी मिरची काऊन खुरटी राह्यते ते." मग अचानक थांबून भाचीला म्हणाला, "अन् ही भेग बंद झाली नसती तं?"

"तं इथं समुद्र असता, बाबा. आपल्या पश्चिमेले तसंच झालं. जमीन फाटली, एक तुकडा दूर गेला, मधात समुद्र झाला. तिथलंच मोजायले जायचं हाय."

"मंग मिरची कुठं लावली असती आपन?" म्हणत तो हसला, आणि पट्ट्यावर बसून दोन्ही हातांनी माती चाचपू लागला.

चहा घेताना विषय त्यानं आपणहून काढला. "जहाज केवढं असते?"

"आपल्या बाजारगल्लीएवढं लांब," भाची म्हणाली.

"अन् असते कायचं? लाकडाचं का?"

"लोखंडाचं."

"पूर्ण?"

"खालून वरून, चारी बाजूनं. झोपायची खाटबी लोखंडाची."

दादानं चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "एवढ्या लोखंडात असशीन तं जाय."

पोरीनं त्याच्या गळ्यातच उडी घेतली, चहा सांडला, वहिनी ओरडली. त्या लोखंडापासून वाचवण्यासाठीच आम्ही यंत्र लांब दोराला बांधून जहाजाच्या कितीतरी मागं सोडतो, हे मी त्याला सांगितलं नाही.