म्हातारीची गाठ आणि आबांची सळई

जनावराच्या अंगावर गाठ उठली की अख्ख्या वरकुटे गावातली माणसं माझ्या सासऱ्यांकडे येत. त्यांना सगळे आबा म्हणत. सळई विस्तवात लाल करायची आणि गाठीच्या कडेनं डाग द्यायचे, हे त्यांचं औषध. मेंढरांमागं फिरताना वडिलांकडून शिकलेलं. पैसा घेत नसत, पण तोरा भरपूर.

कालव्याचं पाणी आलं तशी आम्ही मेंढरं विकली आणि वांगी-टोमॅटो लावले. कळपाची कुत्री तेवढी मागं राहिली. तिला सगळे म्हातारी म्हणायचे. नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा माझ्याशी सगळ्यांत आधी गोड कोण वागलं असेल तर ती, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायचे.

एका उन्हाळ्यात तिचं अंग चोळताना हाताला गाठी लागल्या. बरगडीवरच्या दोन मऊ होत्या, बोटाखाली सरकायच्या. पोटाखाली, शेवटच्या सडाजवळची मात्र लिंबाएवढी आणि टणक. दिवाळीपर्यंत ती पेरूएवढी झाली, चालताना मांडीला घासायला लागली.

एका सकाळी पाहते तर माझ्याच चुलीत सळई! ओसरीवर आबांनी म्हातारीला दोरीनं बांधलेलं, आणि ती वेडी शेपटी हलवतेय. माझं डोकं फिरलं. कळशी उचलली आणि सगळी चुलीत रिकामी केली. घरभर राख उडाली, सकाळच्या भाकरी तशाच राहिल्या.

“सूनबाई, बापजाद्यापास्नं चालत आलंय ह्ये!”

“आबा, बापजाद्यांना बारामतीचा जनावरांचा डाक्टर ठावा नव्हता. मी चालले हिला घिऊन.”

“कुत्रीचं आप्रेशन? गाव हसंल.”

“हसतील त्यांचे दात दिसतील.”

“आन् या वयात टेबलावरच गेली तर?”

गावाला मी भीक घालत नव्हते. पण ती टेबलावर गेली असती तर मीच तिला मारायला नेल्यासारखं झालं असतं. तरी मी तिला टोमॅटोच्या टेंपोत चढवलं. आबा मागून चढले आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

डॉक्टरांनी सगळ्या गाठी चाचपल्या, छातीला नळी लावली. म्हणाले, “बरगडीवरच्या बोटाखाली सरकतात, म्हणजे बहुतेक चरबीच्या आहेत, त्यांना छेडायचं नाही. ही खालची वाईट दिसते. राहू दिली तर फुटेल, चिघळेल, फार हाल होतील. कापायची तर वय झालंय. भूल सोसेल असं वाटतं, पण खात्री देत नाही. बाहेर बसा, ठरवा.”

आम्ही अंगणात बसलो. आबा माझ्याकडे बघेनात. तेवढ्यात कुणाचीशी शेळी सुटून फाटकाकडे निघाली. म्हातारी उठली. पोटाखाली ते ओझं लोंबत असताना, माझ्या हातातली दोरी हिसकून शेळीला आडवी गेली आणि तिला वळवून मालकापुढं आणून उभी केली. मालक हसायला लागला. मला मात्र कळायचं ते कळलं. जिला अजून दुसऱ्याच्या शेळीची काळजी होती, तिला मरायची घाई नव्हती.

“कापा,” मी आत जाऊन सांगितलं.

दार बंद झालं आणि मी दाराशीच बसले. आबा येरझाऱ्या घालत देवाचं नाव घेत होते. बऱ्याच वेळानं डॉक्टर तबक घेऊन बाहेर आले. “झोपलीय. श्वास चांगला चाललाय.” मी तिथंच रडले, लाज न बाळगता. आबा तबकातली गाठ बघत राहिले.

“येवढं आत हुतं व्हय?” ते पुटपुटले. “डाग तर निस्ता वरच बसला आसता.”

टाके चाटू नयेत म्हणून माझा जुना परकर फाडून तिच्या पोटाला गुंडाळला. कुत्रीला परकर नेसवला म्हणून गाव पोट धरून हसलं. हसू दे म्हटलं. टाके निघाले त्या दिवशी ती टेंपोतून उतरली आणि आमच्याही पुढं, पारावरच्या सगळ्या हसणाऱ्यांच्या समोरून, शेपूट वर करून रानाकडे पळत सुटली. मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. सून आहे, डोक्यावर पदर आहे, कशाचं भान राहिलं नाही. जिंकलो होतो आम्ही!

पुढं काही दिवसांनी शेजारच्या गावचा एक शेतकरी बैल घेऊन दारात आला. बैलाच्या खांद्यावर गाठ होती. “आबा, डाग द्या तेवढा.”

मी आत भाकरी थापत होते. हात थांबला.

“डागायचं सोडलं म्या,” आबा म्हणाले. मग आत तोंड करून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक दिली, “सूनबाई, जरा भायेर ये. ह्येंच्या बैलाची गाठ बोटाखाली सरकती का न्हाय, त्ये तूच बघून सांग.”

मी पिठाच्या हातांनीच बाहेर धावले.